शाळेच्या खिडकीवरचा प्रश्न

बँकेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षे मी ठाणे जिल्ह्यातल्या एका शाखेत काढली. २०१३ सालची गोष्ट. बांधकामावर राबणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलाला शाळेकडून काही भत्ता मिळायचा होता आणि त्यासाठी खाते हवे होते. रहिवासाचा पुरावा मागितला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, इमारत उभी राहिली की आमचं बिऱ्हाड हलतं. पुरावा कुठला देऊ?" "कागद आणा, मग बघू," असे सांगून मी पुढच्या माणसाला बोलावले. तोवर तो मुलगा काउंटरला दोरीने बांधलेल्या पेनाने एका स्लिपच्या मागे आपले नाव लिहीत होता. ती दोघे पुन्हा आली नाहीत. वस्तुतः अपुऱ्या कागदपत्रांवर लहान खाते उघडण्याची सवलत नियमांत होती. ते परिपत्रक माझ्याच टेबलाच्या खणात होते. ते काढून वाचण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

ही आठवण उसळून वर आली ती दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांमुळे. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने या समाजातल्या बहुतेकांना आपल्याच भूमीत परके करून टाकले. तिथून जीव मुठीत धरून निघालेल्यांपैकी काही कुटुंबे दिल्लीच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश मिळत नाही, कारण आधार कार्ड नाही, बँकेत खाते नाही, आहे ते फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचे ओळखपत्र, अशी तक्रार न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात हस्तक्षेप न करता गृहमंत्रालयाकडे दाद मागण्यास सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट दाखवली. मुलांनी आधी सरकारी शाळांकडे जावे आणि प्रवेश नाकारला गेला तर उच्च न्यायालयाकडे यावे.

ही वाट राज्यघटनेतच होती. भाषण आणि संचार यांचे स्वातंत्र्य देणारे १९ वे कलम 'नागरिकां'विषयी बोलते. शिक्षणाचे '२१-अ' हे कलम मात्र ६ ते १४ वर्षांच्या सर्व बालकांविषयी बोलते. त्यावर उभा असलेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा तर वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवू नये, असे स्पष्ट सांगतो. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही, हे खरे. पण मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपण १९९२ साली स्वीकारला, आणि त्यात प्राथमिक शिक्षण प्रत्येक मुलासाठी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याच मुलांना धड वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत. मग विनापरवाना आलेल्यांचा भार का वाहायचा? सरकारही या लोकांना निर्वासित नव्हे, बेकायदा स्थलांतरित मानते. कुणी देशात राहावे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण तो निर्णय व्हायला वर्षे लागतात. तारखा पुढे जातात, मुलाचे वय मात्र कुणासाठी थांबत नाही. सातव्या वर्षी हुकलेली मुळाक्षरे सतराव्या वर्षी कोणता निकाल परत देणार? अमेरिकेत टेक्सास राज्याने १९७५ साली अशाच मुलांच्या शाळेचा पैसा बंद केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो कायदा रद्द केला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि निरक्षरांचा एक कायमचा थर तयार करून समाजाचेही भले होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

दुसरा आक्षेप जरा मवाळ असतो. शिकवा, पण वेगळ्या शाळेत. ब्रिटनने २००२ च्या कायद्यात हेच योजले होते. आश्रय मागणाऱ्यांसाठी केंद्रे बांधायची आणि मुलांना गावातल्या शाळेत न पाठवता केंद्रातच शिकवायचे. ती केंद्रे कधी उघडलीच नाहीत. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलेच अधिक. त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या हे खरे. पण त्या त्यांच्याच लोकांनी, मायदेशी परतण्याच्या आशेने, आपली भाषा टिकावी म्हणून चालवल्या होत्या. स्वतःची शाळा काढणे निराळे आणि गावच्या शाळेच्या दारातून परत पाठवले जाणे निराळे. शेजारच्या मुलाबरोबर डबा खाताना जी हिंदी येते, ती वेगळ्या खोलीत बसवून येत नाही. शेजारच्या मुलाचाही फायदाच होतो. 'रोहिंग्या' हा शब्द बातमीत ऐकण्याआधी त्याला वर्गातला एक मित्र भेटलेला असतो.

बँकेच्या खिडकीवर कागद मागावे लागतात. तिथे लोकांचा पैसा असतो, त्याची राखण करायची असते. शाळेच्या खिडकीवर राखायचे ते समोर उभे असलेले मूलच असते. तिथे बसलेल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. तो मीच आहे. नियम वाकडा नसतानाही, मागे गर्दी आहे म्हणून, माणूस नको ते बोलून जातो. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की परिपत्रक खणात आहे, ते काढून वाच. नाहीतर ते मूल पुन्हा येत नाही.