मरळीसाठी दोरा कोणता घ्यावा?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे तीन घरांतून जवळजवळ सारखाच प्रश्न आला. मुलगा दहावी-बारावीचा. मोबाईलवर अमेरिकेतल्या मासेमारीचे व्हिडिओ पाहतो आणि आता त्याला तिथल्यासारखा उंची दोरा हवा आहे. किंमत ऐकून अम्मी म्हणतात, एवढ्यात महिन्याचे तेल येईल. अब्बा म्हणतात, मोबाईलवर बोटे घासण्यापेक्षा तलावावर बसलेला बरा. दोघांचेही खरे आहे. म्हणून या महिन्यात दोऱ्याबद्दलच बोलू.

आधी शब्दाचे. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही गंमत रोजची आहे. उर्दूत पतंगाची बारीक असते ती डोर, आणि मराठीत दोर म्हटले की विहिरीचा जाड सोल डोळ्यांपुढे येतो. मासे धरण्याच्या नायलॉनच्या दोऱ्याला बाजारात तंगूस म्हणतात. दुकानात तोच शब्द वापरावा, दुकानदार लगेच गुंडाळी पुढे करतो.

व्हिडिओतला मासा म्हणजे बास. तो उत्तर अमेरिकेचा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या तळ्यांत त्याच्या स्वभावाची आहे ती मरळ. दोघेही दबा धरून बसणारे. कमळाच्या पानांखाली, शिंगाड्याच्या वेलांत, काठच्या बेशरमाच्या मुळांत मरळ स्थिर उभी असते आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. हिंदीत ती सौल. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे लोक तिला कोर्रमीनू म्हणतात. प्राणहितेपलीकडे तेलंगणाने 2016 मध्ये तिला राज्याचा मासा ठरवले. आपल्या महाराष्ट्राने 2023 मध्ये तो मान पापलेटला दिला. आम्ही जंगलाकडचे असल्याने आमचा कौल मरळीला! तिला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ती बाजारात जिवंत विकली जाते. काट्यांचा त्रास कमी, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला तिचा रस्सा देतात. भाव चढा असतो तो यामुळेच.

मरळ दोन किलोची असली तरी दोऱ्यावर ओझे दोन किलोचे येत नाही. गरी लागली की ती वेलांत शिरते. मग माशाबरोबर चार-पाच किलो गवत, चिखल आणि देठ ओढावे लागतात. दोऱ्याची निवड या गवतावर ठरते.

बाजारात दोरे तीन जातींचे. पहिला साधा एकपदरी नायलॉन, म्हणजे आपले तंगूस. ड्यूपाँट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन जगापुढे आणले आणि काही वर्षांतच गळाच्या दोऱ्यात रेशीम, सूत मागे पडले. तंगूस स्वस्त आहे आणि गाठ चांगली धरते. त्याचा मोठा गुण म्हणजे ते ताणते, रबरासारखे थोडे लांबते, त्यामुळे माशाने अचानक हिसका दिला तरी तो दोऱ्यात जिरतो. दोष असे की ते पाणी पिते आणि ओले झाले की ताकद थोडी कमी होते. उन्हात ठेवले तर कडक होऊन तडकते. रिळावर बरेच दिवस राहिले की स्प्रिंगसारखी वेटोळी धरते.

दुसरा वेणीचा दोरा. व्हिडिओतला पोरगा तोच वापरतो. पॉलिथिलीनच्या अतिशय बारीक, अतिशय मजबूत तंतूंचे चार किंवा आठ पेड एकत्र विणलेले असतात. त्याच जाडीच्या तंगुसाच्या कितीतरी पट ताकद त्यात असते. तो पाण्यावर तरंगतो आणि जवळजवळ अजिबात ताणत नाही. मरळीने तीस हातांवर गरीला तोंड लावले तरी बोटाला कळते. गवताच्या देठावर तो करवतीसारखा चालतो आणि देठ कापून बाहेर येतो. दगडावर किंवा शिंपल्याच्या धारेवर मात्र तो लवकर झिजतो.

तिसरा फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने तो 1971 मध्ये आणला. पाण्यात तो कमी दिसतो, कारण प्रकाश त्यातून जवळजवळ पाण्यातल्यासारखाच जातो. तो जड असल्याने बुडतो, घासण्याला टिकतो आणि महाग असतो. आमचे मत स्पष्ट आहे: आपल्या तळ्यांच्या गढूळ पाण्यात त्यावर पैसे घालू नयेत. जिथे माशालाच चार बोटांपलीकडचे दिसत नाही, तिथे न दिसणारा दोरा घेऊन काय करायचे? हिवाळ्यात वैनगंगेचे पाणी निवळते, दगडाळ जागी बसायचे असते, तेव्हा शेवटचा हातभर तुकडा त्याचा लावला तर उपयोग होतो. तेवढाच.

तर मरळीसाठी, रीळ असलेल्या काठीवर, वेणीचा दोरा घ्यावा, हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे. किती ताकदीचा? पाकिटावर पौंड लिहिलेले असतात. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. वेलांनी भरलेल्या तळ्याला तीस ते चाळीस पौंडांचा, म्हणजे साडेतेरा ते अठरा किलो ओढणारा दोरा पुरे. ऐंशी-शंभर पौंडांचा मागणारा मुलगा मासा धरायला निघालाय की रेडा, हे त्याला एकदा विचारावे. चार पेडांचा स्वस्त पडतो, थोडा खरखरीत असतो आणि गवतात उलट बरा चालतो. आठ पेडांचा गोल, मऊ, दूर जाणारा असतो, पण तळ्याच्या काठावरून वीस-तीस मीटर फेकायला त्या मऊपणाचे पैसे देण्यात अर्थ नाही. उंची माल म्हणजे अनेकदा हा जास्तीचा मऊपणा आणि सुंदर डबी.

इथे पैसे वाचवायची एक खरी युक्ती आहे. तीनशे मीटरची गुंडाळी घेऊ नये. शंभर मीटर घ्यावा. रिळाच्या तळाशी आधी साधे तंगूस भरावे आणि वर वेणीचा दोरा बांधावा. वेणीचा दोरा गुळगुळीत असल्याने रिकाम्या रिळावर तो आख्खा घसरून फिरतो, तंगुसावर घट्ट बसतो. म्हणजे स्वस्ताई आणि पकड दोन्ही साधतात. वर्षभराने बाहेरचे टोक झिजले की दोरा उलटा भरावा. आत राहिलेले निम्मे टोक जवळपास कोरे असते. एका खरेदीत दोन हंगाम जातात.

पाकिटावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वस्त मालात ताकद फुगवून आणि जाडी कमी करून लिहिलेली असते. घरी सामान मोजायचा ताणकाटा असेल तर दोऱ्याचा हातभर तुकडा गरीच्या गाठीसह त्याला बांधून हळूहळू ओढून पाहावा. किती किलोला आणि कुठे तुटतो ते बघावे. बहुतेक वेळा तो गाठीपाशी तुटतो. मग दोष दोऱ्याचा की गाठीचा?

गाठीबद्दल थोडे सविस्तर, कारण महागडा दोरा घेऊन चुकीची गाठ मारणारे जास्त. वेणीचा दोरा निसरडा असतो आणि तंगुसाची नेहमीची पिळाची गाठ त्यात सरकून सुटते. त्याला ही गाठ मारावी: दोरा वीतभर दुमडून दुहेरी करावा. दुमडलेले टोक गरीच्या नेढ्यातून ओवावे. मग त्या दुहेरी दोऱ्याचीच एक साधी सैल गाठ मारावी, गरी खाली लोंबत ठेवून. पुढे जो फास उरतो त्यातून आख्खी गरी पार करावी. आता गाठ पाण्याने ओली करून दोन्ही बाजूंनी सावकाश आवळावी. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. अम्मींना सुईत दोरा ओवायची सवय असते, त्यांच्याकडून शिकावी, मुलांपेक्षा लवकर जमेल.

रिळाला ड्रॅग नावाची चावी असते. मासा जोरात ओढू लागला की ती दोरा थोडा थोडा सोडते. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ती ठेवावी. तीस पौंडांच्या दोऱ्याला साडेतीन-चार किलोवर रीळ फिरायला हवे. तोच ताणकाटा इथेही कामाला येतो.

आणि रीळच नसेल तर? गडचिरोलीत बांबूला काय तोटा! बांबूच्या काठीला बांधलेल्या दोऱ्याला मात्र वेणीचा दोरा लावू नये. तिथे दोरा सोडणारी चावी नाही, हिसका जिरवायला ताणणारे तंगूसच हवे. रोहू, मृगळ, कटल्याची पोरे, कणकेच्या गोळीवर किंवा गांडुळावर लागणारे बाकी लहान मासे, या सगळ्यांना 0.30 ते 0.35 मिलिमीटरचे तंगूस पुरे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची सुरुवात इथूनच व्हावी असे आम्हाला वाटते. त्याला दोऱ्याचा ताण हातात कळला की मग रिळाचे बघता येईल.

आता अम्मींच्या काळजीचे. वेणीचा दोरा ताणाखाली सुरीसारखा कापतो. गरी खोडात अडकली की मुले दोरा तळहाताला गुंडाळून ओढतात. असे कधीही करू नये. लाकडाच्या दांडक्याला चार वेढे देऊन ओढावे. कार्बनच्या काठीतून वीज जाते, म्हणून विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना ती उघडू नये. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की पावसाळ्यात वैनगंगा बघता बघता चढते. आणि वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण शहरातून हौसेने येणाऱ्यांना आहे: झुडपांकडे पाठ करून, वाकून, एकटे बसू नये, आणि ऊन उतरण्याआधी घरी यावे. मरळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त खाते हे खरे. वाघाच्या फिरण्याच्या वेळाही त्याच.

तळे कुणाचे, हेही आधी विचारावे. पूर्व विदर्भात सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आज त्यांतल्या बहुतेकांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ढिवर कुटुंबे त्यात बीज सोडतात, राखण करतात, त्यावर त्यांची चूल पेटते. आपल्या हौसेची एक मरळ त्यांच्या ताटातली असते. संस्थेच्या माणसाला विचारावे, म्हणेल ते पैसे द्यावे. गडचिरोलीत अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ते 2009 मध्ये मिळाले. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाण्यातले मासेही गावाच्या हक्कात मोजले आहेत. तिथे ग्रामसभेला विचारावे. ताडोबाच्या गाभ्यात तर गरी टाकायचीच नाही.

पावसाळ्यात तळ्याच्या पृष्ठभागावर लालसर-केशरी पिल्लांचा थवा खळखळताना दिसतो. ती मरळीची पिल्ले. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या थव्यात गरी टाकली तर मरळ हमखास येते. भुकेने नव्हे, पिल्लांवरचा धोका हाकलायला. तिला तिथून उचलली की बाकीचे मासे थवा फस्त करतात. काही हौशी लोक नेमके हेच करून फोटो काढतात. आम्ही याला मासेमारी म्हणत नाही. तिथून दूर जाऊन बसावे. माशाला जबह करावे लागत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण म्हणून तो काठावर तासभर तडफडत ठेवावा असेही नाही. मरळ तर पाण्याबाहेर फार वेळ जिवंत राहते. घरी न्यायची असेल तर डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच मोकळी करावी.

तुटलेला दोरा तळ्यात सोडणे हा शेवटचा, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. तंगूस असो की वेणी, दोन्ही कुजत नाहीत. पाणकावळा, बगळा, कासव त्यात पाय अडकवून मरतात, ढिवरांची जाळी त्यात गुंततात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, ती अशाच कारणांनी. मासेमारीचा दोरा त्याचाच भाऊ आहे. अडकलेला दोरा जमेल तितका ओढून काढावा, बोटभर तुकडे करून पिशवीत घरी आणावा आणि सुक्या कचऱ्यात टाकावा. जाळू नये, धूर वाईट असतो.

हातभर लांबीचे, न झिजलेले तंगुसाचे तुकडे मात्र टाकू नयेत. तसबीहचा दोरा तुटून मणी घरभर पसरतात, त्यासाठी 0.30 चे तंगूस उत्तम. सुती दोऱ्यासारखे ते घामाने कुजत नाही. गाठ दुहेरी मारावी आणि टोक उदबत्तीने किंचित वितळवून घ्यावे, नाहीतर ती सुटते.