शून्याचा दाखला आणि माकडाचे रक्त

आमच्या लहानपणी खेड्यात हिवतापाचा कर्मचारी पंधरवड्याने एकदा घरोघर येई; ‘कुणाला थंडीताप?’ असे अंगणातूनच विचारी, कोणी निघाल्यास बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, आणि जाण्यापूर्वी दारामागे तारीख टाकून सही करी. त्या तारखांच्या ओळीमागे एक सबंध सिद्धान्त उभा होता, हे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले. हिवतापाचा जंतू मनुष्याच्या रक्तात आणि डासाच्या पोटात अशा दोनच ठिकाणी राहतो. तेव्हा भिंतींवर डीडीटी फवारून डास मारले आणि आजारी माणसे हुडकून त्यांना औषध दिले की, जगात तिसरा थारा नसल्यामुळे तो जंतू निर्वंश होईल, असा तो सिद्धान्त. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी मोहीम पुकारली आणि १९५८ पासून आपल्या सरकारने जी निर्मूलन-योजना राबविली, त्या दोहोंचा पाया हाच होता.

तिसरा थारा मात्र त्यापूर्वीच सापडला होता, आणि तोही आपल्याच देशात. १९३१ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये, सिंगापूरहून आणलेल्या एका लांबशेपटी माकडाच्या रक्तात एक अनोळखी जंतू दिसला. बिराज मोहन दासगुप्ता यांनी ते रक्त ऱ्हीसस जातीच्या, म्हणजे उत्तरेकडे देवळांच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांना टोचले, तेव्हा ज्या रक्ताने मूळ धनी धडधाकट होता त्याच रक्ताने हे नवे धनी आजारी पडून मरू लागले. पुढील वर्षी रॉबर्ट नोल्स आणि दासगुप्ता यांनी हा जंतू टोचल्यास मनुष्यालाही ताप येतो हे सिद्ध केले, आणि सिंटन व मलिगन यांनी त्याचे ‘प्लाझमोडियम नोल्सी’ असे बारसे केले. (बारशात दासगुप्तांचे नाव राहून गेले, त्या काळी हिंदी संशोधकाच्या वाट्याला बहुधा परिश्रम येत, पाळण्यातले नाव येत नसे.) तथापि सुईने दिलेला रोग निराळा आणि रानातल्या डासाने आणलेला निराळा, अशी पंडितांनी आपली समजूत घातली, आणि सिद्धान्त शाबूत राहिला.

त्या समजुतीला पहिला तडा १९६० साली गेला. अमेरिकेतील डॉन आइल्स हे संशोधक माकडांच्या एका निराळ्याच हिवतापाचा अभ्यास करीत असता प्रयोगशाळेतील डास त्यांना चावला आणि ते स्वतःच तापाने फणफणले. पाच वर्षांनी मलेशियातील पहांगच्या जंगलात काम करून मायदेशी परतलेल्या एका अमेरिकन माणसाच्या रक्तात प्रत्यक्ष नोल्सीच निघाला. तेव्हा मलायात शोध सुरू झाला. अकराशेंहून अधिक लोकांचे रक्त घेऊन ते माकडांना टोचण्यात आले, परंतु एकातही हा जंतू सापडला नाही. अपवादात्मक घटना, असा निर्वाळा मिळाला आणि कागद दफ्तरदाखल झाला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तो कोणी फारसा उघडला नाही.

तो उघडला गेला बोर्निओ बेटावरील सारावाक प्रांतात, राजांग नदीकाठच्या कापित या गावी. तेथील रुग्णांच्या काचपट्ट्या पाहून सूक्ष्मदर्शकावरील माणूस वर्षानुवर्षे ‘मलेरिई’ असे, म्हणजे मनुष्याच्याच हिवतापाच्या एका जंतूचे नाव, लिहीत होता, आणि त्यात त्याचा अपराधही नव्हता. कारण नोल्सीचा जंतू कोवळा असताना अंगठीसारखा, म्हणजे मनुष्याच्या हिवतापाच्या ‘फाल्सिपारम’ या जंतूसारखा दिसतो, आणि वाढीला लागला की तांबड्या पेशीवर आडव्या पट्ट्यासारखा पसरून हुबेहूब मलेरिईचे सोंग घेतो. परंतु सोंगाला वागणे जुळेना. मलेरिई हा जात्याच संथ जंतू. दर बहात्तर तासांनी एकदा ताप आणणारा, रक्तात मोजकाच असणारा, रुग्णाला खाटेला खिळवणे ज्याच्या स्वभावात नाही असा. कापितच्या रुग्णांच्या रक्तात मात्र जंतूंची दाटी होती, त्यांना इस्पितळात ठेवावे लागत होते, आणि घरात चावणाऱ्या डासाचा ताप पोरासोरांना आधी गाठतो तसे न होता येथे बहुसंख्य रुग्ण रानात जाणारी मोठी माणसे होती. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी रेणूंच्या पातळीवरील परीक्षा केली, आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हिवतापाच्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांच्या रक्तात माकडाचा नोल्सी होता. मनुष्याला पीडणाऱ्या हिवतापांत याचेच चक्र सर्वांत वेगवान, केवळ चोवीस तासांचे. त्यामुळे आज ‘अंग मोडून आले’ म्हणणारा माणूस योग्य औषधाविना चार दिवस राहिला तर त्याची गाठ थेट यमदूतांशी पडू शकते. औषध आहे, सुदैवाने ते लागूही पडते. फक्त रोग ओळखावा लागतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा प्रपंच केला त्याकडे वळतो. मलेशियाने घरोघर फिरून, फवारून, औषधे देऊन मनुष्याचा हिवताप खरोखरच हटविला. २०१८ साली तेथे स्थानिक संसर्गाचा एकही मानवी हिवतापाचा रुग्ण नोंदला गेला नाही, आणि त्याच वर्षी नोल्सीचे रुग्ण होते ४,१३१. एकाच देशाच्या एकाच वर्षाच्या वहीत एका रकान्यात शून्य आणि शेजारच्या रकान्यात चार हजार! सलग तीन वर्षे शून्य राखणाऱ्या देशाला हिवतापमुक्तीची सनद मिळण्याचा परिपाठ आहे. येथे मामला माकडांपाशी येऊन अडला. काही जाणकार म्हणतात की, हा प्राण्यांचा रोग, तो मनुष्याच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्या राष्ट्राने अर्धे शतक खपून फाल्सिपारम आणि व्हायव्हॅक्स हद्दपार केले, त्याचे श्रेय माकडाच्या रक्ताने पुसून टाकणे मलाही रुचत नाही. परंतु तो शेजारचा रकाना उद्या परिशिष्टात जाणार असेल, परवा तळटीपेत, आणि तेरवा नाहीसाच होणार असेल, तर त्या सनदेला मी फसवी सनद म्हणेन. ताडतेलाच्या मळ्यात राबणाऱ्या मजुराचे अंग तापाने कापू लागते, तेव्हा तो ताप कोणत्या खात्यावर जमा झाला याची त्याला यत्किंचितही फिकीर नसते.

आणि घरातील शून्य ज्या उपायांनी मिळाले, ते उपाय येथे थिटे पडतात. नोल्सी वाहणारे ल्यूकोस्फायरस गटाचे ॲनाफेलीस डास भिंतीवर बसून डीडीटीची वाट पाहत नाहीत; ते रानात, मळ्यात, तिन्हीसांजेला उघड्यावर चावतात, आणि मच्छरदाणी तर माणूस निजल्यावर उपयोगी. माकडाला गोळ्या कोण घालणार? अंगावर लावायचे औषध, पूर्ण बाह्यांचे कपडे, रानाच्या कडेला कामाच्या वेळा बदलणे अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरच येथे भिस्त ठेवावी लागते.

‘माकडताप’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पण आपला माकडताप निराळा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम दिसलेला, पुण्याच्या विषाणू संस्थेने ज्याचा छडा लावला असा, गोचिडीमार्फत पसरणारा तो विषाणूजन्य ताप. २०१६ साली तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांपर्यंत आला, आणि गोव्याच्या सत्तरीतही त्याने माणसे नेली. त्या तापात माकडे स्वतः मरतात. म्हणून बागेत मेलेले माकड दिसले की गाव वनखात्याला वर्दी देते, आणि ते मरण हीच माणसांना मिळालेली पहिली सूचना असते. नोल्सीच्या बाबतीत ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. कापितच्या परिसरात तपासलेल्या १०८ रानमाकडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांच्या रक्तात कोणता ना कोणता हिवताप निघाला, आणि तरी ती झाडावर निर्धास्त बसलेली असतात. हा जंतू त्यांच्या कुळात, त्या मुलखात माणूस वसण्याच्याही आधीपासून, नांदत आला आहे.

म्हणून माकडाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई नको. ब्राझीलमध्ये २०१७च्या सुमारास पीतज्वराच्या भयाने लोकांनी माकडे ठेचून मारली, जणू डासाचे काम माकडच करीत होते! त्याच देशात रिओ द जानेरो प्रांताच्या अरण्यात २०१५-१६ साली माकडांचा ‘सिमियम’ नावाचा हिवताप माणसांना झाला. आणि त्या जंतूची वंशावळ पाहता तो मनुष्याच्या व्हायव्हॅक्सचाच वंशज ठरतो, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी अमेरिकेतील माकडांना दिलेला रोग काही शतकांनी त्यांच्याकडून व्याजासह परत आला. बोर्निओत जंगल तुटले, मळे झाले, माकड मळ्याच्या कडेला आले, डास मध्ये सापडला. सरहद्द माकडाने ओलांडलेली नाही.

हे सारे मलेशियाचे, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. लांबशेपटी माकडाची एक उपजात आपल्या निकोबार बेटांवर, ग्रेट निकोबार, लिटिल निकोबार आणि कचाल येथे राहते, आणि नारळावर ताव मारण्याबद्दल ती तेथे बदनाम आहे. अंदमान-निकोबारमधील रुग्णांत नोल्सी आढळल्याचेही गेल्या दशकात प्रसिद्ध झाले आहे. त्याच ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर अरण्य वळते करण्यास २०२२ साली मंजुरी मिळाली. आज जेथे आठ-नऊ हजार माणसे आहेत तेथे पुढे साडेतीन लाख वसवण्याचा बेत आहे. इकडे २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचा राष्ट्रीय संकल्पही आहे. या दोन फायली एका टेबलावर आणाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. पहिले झाड पडण्यापूर्वी तेथील माकडांची आणि डासांची तपासणी व्हावी. त्यासाठी माकड धरलेच पाहिजे असेही नाही, झाडाखाली पडलेल्या विष्ठेतूनही या जंतूचा माग काढता येतो. मजुरांच्या छावणीत तापाचा प्रत्येक रुग्ण रेणूपरीक्षेने तपासावा. आणि बेटावरील ज्या जुन्या काचपट्ट्यांवर ‘मलेरिई’ असे लिहिले आहे, त्या रद्दीत काढण्याआधी पुन्हा एकदा तपासायला पाठवाव्यात.