हातात उरतं किती?

मैत्रिणींनो, मुलगी डॉक्टर झाली की आपण पेढे वाटतो. पेढ्यांचा बॉक्स रिकामा व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच, “आता पुढे कुठे?” आणि तिच्याआधी आपणच उत्तर देऊन मोकळ्या होतो, “मुंबई, नाहीतर पुणे!”

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीची लेक नुकतीच घरी आली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलेल्यांना एक वर्ष सरकारी दवाखान्यात सेवा द्यावी लागते. ते बंधपत्राचं वर्ष तिनं संपवलं. आता तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलात महिना ७५ हजार आणि आपल्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी, कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून ६० हजार. आईचं मत ठरलेलं होतं. “इतकं शिकून गावातच राहिली, तर लोक काय म्हणतील? आणि स्थळं कशी यायची?”

समजूत घालायला मला बोलावलं. मी आपली समाजसेवेतली बाई. जाताना मनात भाषण तयार. रखमाबाईंचं उदाहरणही दिलं, की बघ, मुंबईची मुलगी लंडनला डॉक्टर झाली आणि अनेक वर्षं सुरत-राजकोटला बायकांची सेवा केली. पोरगी शांतपणे म्हणाली, “मावशी, रखमाबाईंना कर्जाचा हप्ता होता का?”

मी गप्प झाले. मग तिनं वही काढली. क्लास, हॉस्टेल, पुस्तकं यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता १२ हजार. मुंबईत हॉस्पिटलजवळ वन रूम किचनचं भाडं २८ हजार, जेवणखाण ९, प्रवास आणि फोन ४, वीज-गॅस ३. उरले १९ हजार. शिवाय घरात पाऊल ठेवण्याआधी लाखभर डिपॉझिट आणि एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. अकरा महिन्यांनी करार संपला की पुन्हा तीच धावपळ. तालुक्याला भाडं ६, जेवण ६, प्रवास-फोन ३, वीज-गॅस १ आणि हप्ता तोच. उरले ३२ हजार. म्हणजे मुंबईत १५ हजार जास्त मिळून १३ हजार कमी उरणार! तिची आई वहीकडे बघतच राहिली.

पण म्हणून सगळ्या डॉक्टर मुलींनी गावातच राहावं, असं मी म्हणणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात तऱ्हेतऱ्हेचे रुग्ण बघायला मिळतात, शिकवणारे वरिष्ठ भेटतात. जिला एमडी करायचंय तिच्यासाठी तेही मोलाचं आहे. उलट तालुक्याला रात्रीच्या ड्यूटीला ही एकटी, एक नर्स आणि बाहेर संतापलेले नातेवाईक! शहरही सुरक्षित असतंच असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, हे आपण विसरलेल्या नाही. म्हणून पगाराइतकंच हेही विचारायला हवं, की राहायला क्वार्टर आहे का, त्याला धड कडी आहे का, रात्री पहारेकरी असतो का? हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत.

आणखी एक. सरकारी पगारी पदावर शहराप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. खासगीत बहुतेकदा ठोक आकडा सांगतात, त्यातच सगळं आलं. कंत्राटी नोकरी किती महिन्यांची, पगार वेळेवर होतो का, आधी काम केलेल्या मुलींचा अनुभव काय, हेही विचारून घ्यावं. आकडा ऐकून हुरळून जाऊ नये.

आपल्याकडे मुलानं पगाराचा हिशेब मांडला तर तो व्यवहारी. मुलीनं मांडला तर “सेवेचं व्रत घेतलं आणि पैसे मोजतेय!” मीही त्या दिवशी तेच करायला निघाले होते, हे कबूल करते. कर्ज तिच्या नावावर, रात्रपाळी तिच्या वाट्याला, मग हिशेब आपण का करायचा?

तिनं दोन वर्षं तालुक्याला काम करायचं, कर्ज हलकं करायचं आणि सोबत एमडीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा, असं ठरवलंय. आईचा चेहरा अजून पुरता खुललेला नाही. पण परवा भेटली तेव्हा म्हणाली, “क्वार्टर बघून आले. न्हाणीघराची कडी तुटलीय. आधी ती बसवून घेते.”

तुमच्या घरात अशी लेक असेल, तर गावाचं नाव सुचवण्याआधी तिच्या हातात एक वही द्या. आणि ती लिहीत असेल तेव्हा शेजारी नुसत्या बसा.