सरासरीत न दिसणारा रोग

गुप्तरोगांविषयी आपल्याकडे उपदेश पुष्कळ होतो. हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. वस्तुतः साथींच्या गणिताशी मुंबईचे जुने नाते आहे. केरमॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली आपले सुप्रसिद्ध समीकरण ताडून पाहिले, ते मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युसंख्येशीच. परंतु ते गणित गुप्तरोगांना जसेच्या तसे लागू पडत नाही. परम्यातून बरा झालेला माणूस पुन्हा त्याच रोगाला बळी पडू शकतो. शिवाय येथे प्रश्न गर्दीचा नसून शरीरसंबंधांचा असतो.

प्रसाराचे सूत्र सोपे आहे. रोग्याकडून एका जोडीदाराला संसर्ग होण्याची शक्यता, वर्षभरातील जोडीदारांची संख्या आणि रोग अंगात राहण्याचा काळ, या तिहींचा गुणाकार करावा. तो एकाहून अधिक असल्यास रोग पसरतो, कमी असल्यास विझतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शंभर माणसांपैकी नव्वद जणांना वर्षाला एकच जोडीदार आहे, तर दहा जणांना प्रत्येकी अकरा. सरासरी दोन. संसर्गाची शक्यता ०.५ व रोगकाल ०.४ वर्ष धरल्यास गुणाकार ०.४ येतो. म्हणजे चिंतेचे कारण नाही! पण ज्याचे जोडीदार अधिक, त्याला रोग जडण्याचा संभव अधिक आणि त्याच्याकडून तो इतरांना होण्याचाही अधिक. म्हणून साध्या सरासरीऐवजी जोडीदारांच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज घेऊन तिला एकूण संख्येने भागावे लागते. १३०० भागिले २००, म्हणजे ६.५. गुणाकार आता १.३ होतो. सरासरीने हद्दपार केलेला रोग प्रत्यक्षात ठाण मांडून बसतो.

अमेरिकेतील हेथकोट व यॉर्क यांनी १९८४ साली परम्याच्या अभ्यासातून हेच दाखवले, की रोग तग धरतो तो एका लहानशा केंद्रगटाच्या आधारावर. तुटपुंजा निधी कोठे खर्चावा, याचे उत्तर त्यातून मिळते. मात्र हाच निष्कर्ष वेगळ्या हाती पडला, की त्यातून धाडी आणि बदनामी उद्भवते.

अशांना सूत्रातील तिसरा घटकच उत्तर देतो. वेळीच उपचार होऊन रोगकाल ०.४ वरून ०.३ वर आला, तर वरील उदाहरणातील गुणाकार ०.९७५ होतो आणि रोग ओसरू लागतो. उलट, लाजेने वा भीतीने दवाखाना टाळला गेला, की हा काळ लांबतो. बदनामी ही केवळ नैतिक चूक नव्हे. ती गुणाकार वाढवणारी चूक आहे. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत १९९२ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने तेथील स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले, त्यामागील शहाणपण हेच. केंद्रगट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करण्यासाठी नसतो. उपचार प्रथम पोहोचावेत, यासाठी तो शोधायचा असतो.