पूर्वेकडच्या पेठा पाहिल्याशिवाय पुणें पाहिलें म्हणूं नका

रविवारीं सकाळीं जुनें पुणें पाहण्यास निघणाऱ्या मंडळींचे तांडे अलीकडे फार वाढले आहेत. शनिवारवाडा, नानावाडा, विश्रामबागवाडा पाहून झाला, मोबाईलावर चित्रें काढून झालीं, कीं मिसळ खाऊन मंडळी घरीं. वाडे पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण वाड्याचा धनी कोण हें सांगणारे पुष्कळ. त्याची वीट कोणीं भाजली, हंडे कोणीं ठोकले, पाणी कोणीं वाहिलें आणि दारचा रस्ता कोणीं झाडला, हें विचारणारा विरळा. वाचकहो, याचें उत्तर हवें असेल तर जरा पूर्वेकडे वळा.

वाटेंतच कसब्यांतली तांबट आळी लागते. ती डोळ्यांना दिसण्याआधीं कानांना कळते. पेशवाईंत येथें वसलेल्या तांबटांचे वंशज आजही तांब्याच्या पत्र्यावर एकेक ठोका देऊन मठारकाम करतात. बंब-घागरींस गिऱ्हाईक उरलें नाहीं, म्हणून आतां ते दिवे आणि फुलदाण्या घडवितात. कुंभारवाड्याचें नांव उरलें आहे. चाक बहुतेक मुंढव्याकडे गेलें. रविवार पेठेंतल्या बोहरी आळींत खिळ्यापासून दोरखंडापर्यंत मागाल तें मिळतें. पुढें नाना पेठेंत निवडुंग्या विठोबा, जेथें तुकोबांची पालखी मुक्कामास असते. भवानी पेठेंत पालखी विठोबा, जेथें ज्ञानोबांची उतरते. क्वार्टर गेटापाशीं 1792 सालीं पेशव्यांनीं दिलेल्या जागेवरचें ख्रिस्ती देऊळ, आणि रास्ता पेठेंत बेने इस्राएलांचें 1921 सालचें प्रार्थनामंदिर. हें सारें पायीं दोन तासांचें काम आहे. पालख्यांच्या दिवसांत तर कोण कोणाची चप्पल शिवून देतो आणि कोण कोणाची दाढी करतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आमच्या ओसरीवर तेव्हां मराठवाड्याची बोली ऐकूं येते.

आणि आमची गंज पेठ. तिला आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. लहुजी वस्तादांची तालीम येथेंच. माळ्याचा जोतीराव या मांग वस्तादापाशीं दांडपट्टा शिकला. 1849 सालीं बापाचें घर सोडावें लागलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंस उस्मान शेख यांनीं आसरा दिला. सावित्रीबाईंच्या 1856 सालच्या पत्रांत फातिमेचें नांव येतें. 1868 सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला.

या शेवटच्या गोष्टीपाशीं थोडें थांबावें. सर्व जातींचे लोक या शहरांत पिढ्यान्पिढ्या जवळजवळ नांदत होते, एकमेकांचीं लग्नकार्यें जाणत होते, तरी हौद मोकळा होण्यास 1868 साल उजाडावें लागलें. शेजार होता, पाणी मात्र वेगळें होतें. जुन्या पेठांचे गोडवे गातांना हें कोणास आठवत नाहीं. आमची आजी सांगे, "तान्ह्या पोराचं औषध भिंतीपलीकडून यायचं, पण वाटी परत करताना अंगणात ठेवायची, हातात द्यायची नाही." ती वाटी आतां हातांत घेतली जाते. पण परवां आमच्या भाच्यानें एका नव्या वस्तींत खोली शोधिली, तेव्हां भाड्याआधीं त्याचें आडनांव विचारलें गेलें, आणि आडनांवानंतर ताटांत काय असतें तें. तो मुकाट्यानें पेठेंत परत आला. येथें निदान मटणाच्या वासावरून कोणी बिऱ्हाड नाकारीत नाहीं.

ही सोय आतां किती दिवस टिकेल याचीच आम्हांस काळजी आहे. जुने वाडे पडत आहेत, पडावेतही. गळकीं छपरें आणि चार बिऱ्हाडांस एक संडास यांत कौतुक करण्यासारखें कांहीं नाहीं, आणि जे तें करतात ते रात्रीं दुसरीकडे झोपतात. आमची तक्रार निराळी आहे. आमच्या गल्लींतल्या एका वाड्याचा नवा नकाशा आम्हांस पाहण्यास मिळाला. तळमजल्यावर मोटारी, वर बिऱ्हाडें. आज त्या तळमजल्यावर एक पिंजारी गाद्या भरतो, एक लोहार विळ्यांना धार लावतो आणि एक बाई भाजीची पाटी घेऊन बसते. पिंजाऱ्यास चवथ्या मजल्यावर घर मिळेल, तेंही कज्जा न होतां मिळालें तर. पण कापूस तो कोठें पिंजणार? भाता वर चढवूं देणार कोण? पोट ज्या ओट्यावर चालतें तो ओटा गेला, कीं माणूस घर विकून हडपसरापलीकडे जातो, आणि पेठेंत पेठेचें नांव तेवढें राहतें. महापालिकेनें परवाना देतांना जितके गाळे मोडले तितके तळमजल्यावरच परत बांधवून घ्यावेत, जुन्याच माणसांस द्यावेत, आणि मोटारींचा विचार त्यानंतर करावा.

हें आम्हीं त्या बांधकामवाल्याच्या माणसास बोलून दाखविलें. तो हंसून म्हणाला, "काका, आता गाद्या कोण भरून घेतं?" आम्हीं त्यास पिंजाऱ्याची वही दाखविली. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत नांवें लागलीं होतीं.