पाच सेकंदांची गाडी

फॉरेन ट्रिपला जाऊन लोक काय करतात? शॉपिंग, म्युझियम, एखाद्या टॉवरसमोर फोटो. आम्ही जपानला गेलो आणि सात दिवसांतली एक अख्खी सकाळ ओदावारा नावाच्या स्टेशनवर उभं राहून काढली. तीसुद्धा न थांबता जाणाऱ्या गाड्यांसाठी!

बायकोचा प्रश्न रास्त होता. ‘‘अरे, गाड्याच बघायच्या तर कल्याणला काय कमी आहेत?’’

कमी नाहीतच. पण जरा हिशेब करू. टोकियो ते ओसाका ही तोकाइदो शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ला सुरू झाली. जगातला हा पहिला हाय-स्पीड रेल्वेमार्ग. त्यावरची सगळ्यात फास्ट गाडी ‘नोझोमी’ ओदावाराला थांबत नाही. इथे फलाट दोन्ही कडांना आणि मधून न थांबणाऱ्या गाड्यांचे रूळ. नोझोमीचे डबे १६, लांबी ४०० मीटर. वेग ताशी २७० किलोमीटर धरला तर सेकंदाला ७५ मीटर. करा भागाकार. जेमतेम पाच सेकंद आणि थोडं. संपली गाडी!

आता या पाच सेकंदांत फोटो काढायचा की गाडी बघायची?

जपानमध्ये हा प्रश्न भलताच सीरियसली घेतात. तिथे रेल्वेला ‘तेत्सुदो’ म्हणतात, शब्दशः ‘लोखंडाचा रस्ता’. म्हणजे थेट आपला लोहमार्गच की! आणि रेल्वेवेड्यांच्या चक्क जाती आहेत. फोटो काढणारे ते ‘तोरितेत्सू’, नुसता प्रवास करणारे ‘नोरितेत्सू’, गाडीचे आवाज रेकॉर्ड करणारे ‘ओतोतेत्सू’. हसू नका, आपणही डेक्कन क्वीनचा वाढदिवस दर १ जूनला केक कापून करतो.

या वेडाला काळी बाजूही आहे. चांगल्या अँगलसाठी रुळांजवळ घुसणारे, फ्रेममध्ये आलेल्या माणसावर ओरडणारे तोरितेत्सू जपानमध्ये वेळोवेळी बातम्यांत येतात. म्हणून शिस्त पाळायची. पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहायचं. फ्लॅश बंद, कारण मोटरमनच्या डोळ्यांवर जातो. ट्रायपॉड पसरून प्रवाशांची वाट अडवायची नाही.

आणि टेक्निकल फंडा हवा असेल तर तोही सोपा आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाला शटर ठेवलं, तरी तेवढ्यात नोझोमी साडेसात सेंटिमीटर सरकते. अडीचशेव्या भागाला ठेवलं, तर फूटभर! म्हणजे एक तर शटर फास्ट ठेवून गाडीचं नाक लांबूनच पकडा, नाही तर शटर स्लो ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवा. गाडी स्पष्ट येते, मागचं सगळं पुसून जातं.

आम्ही सरळ वाटणी केली. एक गाडी कॅमेऱ्याला, पुढची डोळ्यांना. या मार्गावर इतक्या गाड्या धावतात, की दोघांनाही भरपूर मिळतात.

कॅमेऱ्याच्या वाट्याला पांढरं नाक आणि निळी पट्टी आली. डोळ्यांच्या वाट्याला आलं ते फोटोत मावणारं नव्हतं. आधी रूळ बारीकसे गुणगुणतात. मग हवेचा धक्का छातीवर बसतो. शर्ट फडफडतो, खिडक्यांची एक सलग रेघ होते आणि एकदम शांतता. शेजारी बाबांचा हात धरून उभा असलेला एक छोटू प्रत्येक गाडीला टाटा करत होता. पाच सेकंदांत त्याला कोणी बघितलं असेल का? त्याला फिकीर नव्हती. त्याच्याकडे कॅमेराही नव्हता.

‘डॉक्टर येलो’ मात्र आम्हाला दिसली नाही. रूळ आणि विजेच्या तारा तपासणारी ही पिवळीधमक गाडी. तिचं टाइमटेबल जाहीर करत नाहीत, म्हणून ती दिसली की नशीब उजळतं असं तिथे मानतात. तिथल्या दोनपैकी एक गाडी जानेवारी २०२५मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिला निरोप द्यायला गर्दी लोटली होती. यंत्रावर एवढं प्रेम? हो. कारण ते यंत्र त्यांच्या लहानपणात धावलेलं असतं.

तासाभराने बायको म्हणाली, ‘‘आता पुढची माझी. तू टाइमटेबल बघ.’’

परत आल्यावर फोटो चाळले. चाळीसेक आहेत, त्यातले चार बरे. पण कोणी ‘जपान कसं होतं?’ विचारलं, की आम्हा दोघांना आठवतो तो छातीवरचा धक्का. ट्रिपमधली प्रत्येक गोष्ट मोबाइलमध्ये भरून आणायच्या नादात आपण ती अंगावर घ्यायची विसरतो. गाडी हे फार छान शिकवते, कारण ती तुमच्यासाठी थांबत नाही.

मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग शिंकान्सेनच्याच तंत्रावर बांधला जातोय. ठाणे, विरार, बोईसर ही त्यावरची आपली स्टेशनं. एखादी न थांबणारी गाडी तिथून सुसाट निघेल, तेव्हा पहिला फोटो जरूर काढा. दुसऱ्या गाडीला मात्र मोबाइल खिशात ठेवा आणि मस्त टाटा करा!