मॅन्युअल वाचतो कोण?

आपल्या लॅब मॅन्युअलमध्ये असतं काय? कमांड टाइप करा, एंटर मारा, उत्तर जर्नलात उतरवा. संपलं!

आता ही समीकरणं बघा: क्ष + २य = ३ आणि २क्ष + ४य = ७. पहिल्याची दुप्पट ६ होते, ७ नाही. म्हणजे याला उत्तरच नाही. पण ऑक्टेव्हला बॅकस्लॅश वापरून विचारा. मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याची एक वॉर्निंग देऊन तो ०.६८ आणि १.३६ सांगून मोकळा होतो! ही लीस्ट स्क्वेअरची तडजोड आहे, खरं उत्तर नव्हे. ऑक्टेव्हच्या फुकट मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये याचा खुलासा आहे. आपल्या छापील मॅन्युअलात त्याचा पत्ता नाही. उद्या अशाच आकड्यांवर कुणी पूल बांधला तर?

म्हणून म्हणतो, प्रत्येक प्रॅक्टिकलला एक पान जोडा. कमांड काय गृहीत धरते, कुठे फसवते, वॉर्निंगचा अर्थ काय, हे साध्या मराठीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सायलॅब मराठीतून शिकवून दाखवलंय. मग आपल्याला काय अवघड? फायनल इयरच्या पब्लिकने लिहावं, सरांनी तपासावं. ज्युनिअर्स दुवा देतील, आणि व्हायव्हात तरतीलही!